पिंजऱ्याबाहेरची साक्ष

मित्रांनो, नाव ऐकून दचकू नका. मी पिंजरा आहे खरा, पण माझ्यात कधी वाघ बसला नाही की पोपट बोलला नाही. मी एका जुन्या कोर्टातला साक्षीदाराचा पिंजरा आहे. तीन बाजूंना लाकडी कठडा, मागून चढायला एक पायरी आणि आत एका माणसाला उभे राहण्यापुरती जागा, एवढाच माझा पसारा. ज्याने काही पाहिले, ऐकले किंवा सोसले, त्याने माझ्यात उभे राहून ते न्यायाधीशांना सांगायचे, अशी पद्धत. आता माझे वय झाले आहे. एक पाय वाळवीने कुरतडला आहे. पण रडगाणे गायला मी तोंड उघडलेले नाही. ज्यांनी ज्यांनी माझे भले केले, त्यांची आठवण तुमच्यापुढे काढावी, म्हणून हा सगळा प्रपंच.

माझा जन्म एका उंचपुऱ्या, धिप्पाड सुताराच्या हातून झाला. कोर्टाचे काम मिळाले म्हणून तो फार खुशीत होता. एकाच झाडाच्या लाकडातून त्याने दोन पिंजरे केले. एक मी, आणि दुसरा माझा जुळा भाऊ, आरोपीचा पिंजरा. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप असतो, तो त्याच्यात उभा राहतो. सुताराने माप घ्यायला कुठे चौकशी केली नाही. तो स्वतः ताठ उभा राहिला, छातीपाशी हात आडवा धरला, म्हणाला, "इथपर्यंत," आणि करवत उचलली.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. तिने मला सगळीकडून निरखले आणि म्हणाली, "अहो, हा कुणाच्या मापाचा केलात? मी आत उभी राहिले तर माझं नाक तरी दिसेल का बाहेर?"

"तू कशाला जाशील कोर्टात?" सुतार म्हणाला. "ते शहाण्यासुरत्या माणसांचं काम."

ती खरोखरच आत चढली. बाहेरून फक्त तिचे केस दिसत होते. आतून ती म्हणाली, "बघा, मी आहे कुठं?" सुतार हसला, त्याचे सोबती हसले, तीही हसली. मी नुकता जन्मलो होतो. मला त्यात हसण्यासारखे काय आणि न हसण्यासारखे काय, हे कुठून कळणार? पण एवढे सांगतो, त्या सुताराने माझा एकही सांधा कच्चा ठेवला नाही. इतकी वर्षे किती लोक माझ्यावर रेलले, मुठी आपटून गेले, तरी मी डुगडुगलो नाही. हे त्याचेच उपकार.

कोर्टात आलो तेव्हा माझा थाट काही औरच होता. पॉलिश असे की समोरच्याला स्वतःचे तोंड दिसावे. मोठमोठे लोक माझ्यात उभे राहू लागले. एक फौजदार तर इतका जाडजूड होता की त्याला आत जाता आले, पण बाहेर येताना दोन शिपायांना ओढावे लागले. एकदा शेळीच्या चोरीचा खटला होता. शेळी कोणाची, हे ठरवायला शेळीलाच कोर्टात आणले. दोन्ही मालक मोठमोठ्याने भांडत असताना तिने शांतपणे माझा एक कोपरा चावून पाहिला. तो तिला आवडला नसावा. खटला कोणी जिंकला हे मी विसरलो, पण तिच्या दातांची खूण अजून माझ्या अंगावर आहे.

लोक म्हणतात, खोटे बोलणाऱ्याच्या हातांना घाम फुटतो. मित्रांनो, माझा अनुभव तसा नाही. सराईत खोटारड्याचे हात अगदी कोरडे असतात. सर्वांत ओले हात असत ते खरे बोलायला आलेल्या आणि बोलायला घाबरणाऱ्या माणसांचे.

त्यात बायका फार. तशा त्या क्वचितच यायच्या. आल्या तरी माझ्या उंच कठड्याआड बुडून जायच्या. त्यांचे शब्द माझ्या पुढच्या फळीला आपटत आणि तिथेच गळून पडत. मग न्यायाधीश म्हणत, "मोठ्यानं बोला!" वकील म्हणत, "मोठ्यानं बोला!" मागच्या बाकावरचा रिकामटेकडाही म्हणे, "अहो, मोठ्यानं बोला की!" आपल्यावर जे ओढवले ते शेजारणीलाही सांगायची जिला चोरी, तिने ते भरल्या कोर्टात ओरडून कसे सांगायचे?

एका दुकानातली मुलगी मला आठवते. मालकाने तिच्यावर हात टाकला होता. मालकाच्या वकिलाने विचारले, "मग तुम्ही ओरडला का नाहीत?" ती म्हणाली, "तोंडावर हात होता त्याचा." हे मी ऐकले, कारण ती माझ्याच लाकडाशी बोलली. बाकी कोणाच्या कानावर ते गेले नाही. कारकुनाने लिहिले, 'उत्तर नाही.' ती निघून गेली. मला वाचा असती तर मी ओरडून सांगितले असते, पण लाकडाला वाचा कुठली?

कोर्टात झाडलोट करायला एक बाई होती. सगळे तिला मावशी म्हणत. खुर्च्या-टेबलांवरून ती फडके फिरवी ते नावापुरते. मला मात्र तेलाचा बोळा घेऊन मन लावून पुसायची. "काय रे बाबा," ती म्हणायची, "किती जणांची धाकधूक पुसून काढायची तुझ्या अंगावरून?" तिच्या त्या तेलाने माझे लाकूड कधी तडकले नाही.

आता ज्या खटल्याने माझे आयुष्य बदलले, तो सांगतो.

त्या वर्षी आमच्या कोर्टात नवीन न्यायाधीश आल्या. बाई न्यायाधीश म्हटल्यावर काही वकील आपसांत कुजबुजले, "आता काय, रडारड केली की सुटका!" पण बाई होत्या कडक. पहिल्याच आठवड्यात त्यांनी उशिरा येणाऱ्या एका नामांकित वकिलाला असे काही फैलावर घेतले की पुन्हा कोणी रडारडीचे नाव काढले नाही.

खटला होता एका धोबीखान्यात काम करणाऱ्या बाईचा. मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी धुवायचे तिचे काम. साबणाने तिच्या बोटांची कातडी पांढरी पडली होती. माझ्या भावाच्या कठड्यावर ती हात ठेवून उभी असे, तेव्हा ते हात मला समोरून दिसत. तिच्या नवऱ्याचा मृत्यू झाला होता, आणि तो तिच्याच हातून. जड इस्त्री त्याच्या डोक्यात मारली, तीही मागून, असा तिच्यावर आरोप होता. नवरा मालाची गाडी चालवायचा. घरात ही दोघे आणि नवऱ्याची म्हातारी आई. मूलबाळ नव्हते. थोरला दीर वेगळा राहत होता.

सरकारी वकील म्हणाले, "मागून वार म्हणजे ठरवून केलेला वार." तो गृहस्थ वाईट नव्हता. कागदांत जे होते, तेच तो बोलत होता.

घरमालक माझ्यात उभा राहून म्हणाला, "साहेब, नवरा गेला आणि ही बाई रडलीसुद्धा नाही. आम्ही धावत गेलो, तर ही आपली कोरड्या डोळ्यांनी बसलेली. दगडाच्या काळजाची!"

कोर्टात हळहळ उमटली. जणू तिचे न रडणे, हाच मुख्य गुन्हा होता.

मग तपास करणारा पोलीस आला. आरोपी बाईची वकील तरुण होती. गरिबाला सरकारकडून मोफत वकील मिळतो, तशी ती मिळाली होती. तिने पोलिसाला विचारले, "या बाईंनी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"ती म्हणाली, नवरा सासूचा गळा दाबत होता, म्हणून मारलं."

"मग ते तुम्ही लिहिलं का नाही?"

पोलिसाने खांदे उडवले. "मॅडम, सासूला वाचवायला सून नवऱ्याच्या अंगावर जाते, हे कुणाला पटेल? सासू-सुनेचं म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य! आम्ही लिहिलं, घरगुती भांडण."

सगळे कोर्ट खदखदून हसले. आरोपीच्या पिंजऱ्यातली ती बाई हसली नाही आणि तिची वकीलही हसली नाही.

"सासूबाईंना विचारलंत?" वकीलबाईने विचारले.

"विचारलं ना. थोरल्या मुलाला विचारलं."

"मी सासूबाईंबद्दल विचारतेय."

"थोरला म्हणाला, आईच्या डोक्यावर परिणाम झालाय, तिला काही आठवत नाही. मग म्हातारीला कशाला त्रास द्यायचा?"

न्यायाधीशबाईंनी लिहिणे थांबवले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आजींना बोलवा," त्या म्हणाल्या. "काही आठवतं की नाही, ते त्याच सांगतील."

थोरल्याने आधी साक्ष दिली, 'दोघांची भांडणं व्हायची, आणखी मला माहीत नाही' एवढीच. पुढच्या तारखेला तो आईला घेऊन आला. दिवस कडक उन्हाचे होते. छताचे पंखे गरम हवाच खाली ढकलत होते. आणि म्हातारीच्या गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळलेला! चिमणीएवढा जीव. थोरल्याने तिला कोपराला धरून माझ्या पायरीपाशी आणले. वाकून तो तिच्या कानात जे बोलला, ते मी ऐकले.

"आई, एवढंच म्हण, मला काही आठवत नाही. मग घरी जाऊ. गेलेल्याची अब्रू आता आपल्याच हातात आहे."

म्हातारी पायरी चढली. आत आली. आणि दिसेनाशी झाली.

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "साक्षीदार आहे कुठं?" पुन्हा हशा. मित्रांनो, त्या क्षणी मला त्या सुताराच्या बायकोचे शब्द आठवले आणि माझी मान खाली गेली. पिंजऱ्याला मान नसते हे खरे, पण तुम्ही समजून घ्या.

सरकारी वकिलांनी विचारले, "आजीबाई, त्या संध्याकाळी काय घडलं, आठवतं का?"

म्हातारी बोलली. माझ्या फळीला तिचा श्वास लागला. पण बाहेर काहीच पोहोचले नाही.

"मोठ्यानं बोला."

ती पुन्हा बोलली. पुन्हा तेच.

"आजीबाई, मोठ्यानं!"

थोरला चटकन उठला. "साहेब, मी म्हटलं नव्हतं का? तिला सांगता येणार नाही. मी सांगतो तिच्या वतीनं."

"तुम्ही बसा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "तुमचं सांगून झालंय." मग त्या शिपायाकडे वळल्या. "एक खुर्ची आणा. इथं, माझ्या टेबलाजवळ ठेवा. आजींना बाहेर घ्या."

सरकारी वकील गोंधळले. "पण बाई, साक्ष पिंजऱ्यातूनच द्यायची रीत आहे."

"साक्ष ऐकू यायला हवी, हीसुद्धा रीतच आहे, वकीलसाहेब."

खरे सांगतो, तेव्हा मला लागले. इतकी वर्षे इमानाने उभा राहिलो, आणि एका साध्या खुर्चीपुढे माझी किंमत शून्य! पण म्हातारीला बाहेर नेले, खुर्चीवर बसवले. तिचे पाय जमिनीला पोहोचेनात, तेव्हा मावशीने कोपऱ्यातून जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणून तिच्या पायांखाली सरकवला. कोणी सांगितले नव्हते तिला. शिपायाने पाणी दिले. म्हातारी घोटघोट पाणी प्यायली. प्रत्येक घोट गिळताना तिचे डोळे मिटत होते.

"आता सांगा," न्यायाधीशबाई पुढे झुकल्या. "सावकाश. मोठ्यानं बोलायची गरज नाही."

"बाई, आवाज एवढाच आहे," म्हातारी म्हणाली. वाळलेले पान पानावर घासावे, तसा आवाज. सगळे कोर्ट कान टवकारून ऐकू लागले. "आधी मी गल्लीच्या टोकावरून हाक मारायचे. आता एवढाच उरलाय. त्या दिवसापासून."

"कोणत्या दिवसापासून?"

म्हातारीने थोरल्याकडे पाहिले. मग हळूहळू मफलर सोडला, घडी करून मांडीवर ठेवला.

"धाकट्यानं गळा दाबला, त्या दिवसापासून."

थोरल्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

"आधी तिलाच मारायचा," म्हातारी सांगू लागली. "मी मधे पडले की मला. शेजारी म्हणायचे, घरोघरी मातीच्या चुली. त्या दिवशी ती कामावरून यायची होती. याला जेवण गार लागलं. मी म्हटलं, गरम करते. पण गरम होईपर्यंत त्याला धीर कुठला? मला भिंतीशी धरलं. पाय सुटले माझे जमिनीवरून. तेवढ्यात ती दारात आली. 'सोडा, आईंना सोडा' म्हणून ओरडली, त्याचे हात ओढायला लागली. तिच्यानं ते सुटेनात. मग माझ्या डोळ्यांपुढं अंधारच आला."

तिने पुन्हा पाण्याचा घोट घेतला.

"शुद्धीवर आले तेव्हा माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. ती म्हणत होती, 'आई, श्वास घ्या. आई, श्वास घ्या.' तो तिकडे पडला होता. ती रडली नाही म्हणतात. अहो, तिला वेळ कुठं होता रडायला? ती मला जगवत होती!"

समोर माझ्या भावाच्या कठड्याशी इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी उभी असलेली ती बाई हुंदके देऊन रडली. कोर्टात कोणी कोणाकडे पाहिले नाही.

सरकारी वकील उठले. उलट तपास करणे त्यांचे कामच होते. पण त्यांचाही आवाज उतरला होता. "आजी, तो तुमचा पोटचा मुलगा. गेलेल्या मुलाविरुद्ध बोलताय, हे कळतंय ना?"

"नऊ महिने मी वाहिलाय त्याला, तुम्ही नाही," म्हातारी म्हणाली. "रोज रडते त्याच्यासाठी. पण रडणं वेगळं आणि खरं वेगळं. त्याच्यासाठी रडते म्हणून हिला बुडवू?"

"मग हे इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं? पोलीस आले, त्यांनी थोरल्याला विचारलं. नातेवाईक आले, तेही थोरल्यालाच विचारायचे, 'आई कशा आहेत?' आणि मी तिथंच समोर बसलेली असायचे."

वकिलांनी पुढचा कागद काढला. "सुनेशी पटायचं तुमचं?"

"कुठलं पटायचं!" म्हातारीच्या त्या फाटक्या आवाजातही ठसका आला. "भाजीत मीठ जास्त घालते. माझे कपडे पिळते ते असे, की जणू हॉस्पिटलच्या चादरीच. सांगून सांगून दमले. भांडतो आम्ही, रोज भांडतो. पण भांडतो म्हणून काय ती माझी नाही?"

कोर्ट पुन्हा हसले. पण मघाचे हसणे आणि हे हसणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. आरोपी बाईसुद्धा रडता रडता हसली.

"मला आणखी काही विचारायचं नाही," सरकारी वकील म्हणाले, आणि खाली बसले.

पुढे डॉक्टरांनी म्हातारीचा गळा तपासला. आतले नाजूक हाड मोडून वाकडे जुळले होते. गळा जोराने दाबल्याशिवाय असे होत नाही, असे त्यांनी माझ्यातच उभे राहून सांगितले. हेच आधी कोणी तपासले असते तर त्या बाईचे एवढे दिवस तुरुंगात गेले नसते. पण तपासणार कोण? म्हातारीला दवाखान्यात न्यायचा तो थोरला, आणि डॉक्टरांना 'सर्दीनं घसा बसलाय' असे सांगायचा तोही थोरलाच.

निकालाच्या दिवशी कोर्ट खचाखच भरले होते. न्यायाधीशबाईंचे एक वाक्य मी जन्मभर जपून ठेवले आहे. त्या म्हणाल्या, "मागून केलेला वार म्हणजे कपटच, असं आपण धरून चालतो, कारण आपल्या डोळ्यांपुढं दोन पुरुषांची मारामारी असते. पण दुसऱ्याच्या हातांतून कुणाचा गळा सोडवायचा असेल, तर सोडवणाऱ्याला समोर जायला जागा कुठं असते?" त्या बाईने एक जीव वाचवण्यासाठी हात उचलला, तिचा गुन्हा नाही, असे त्यांनी जाहीर केले.

ती माझ्या भावाच्या पायरीवरून खाली उतरली. सासू तिच्याजवळ गेली. मिठी नाही, काही नाही. नुसते तिचे हात आपल्या हातांत घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाली, "काय दशा करून घेतलीस हातांची! चल, घरी चल."

दाराशी थोरला उभा होता. त्याला आत येववत नव्हते आणि निघूनही जाववत नव्हते. म्हातारी त्याच्यापाशी थांबली. "संध्याकाळी ये जेवायला," ती म्हणाली. "पण यापुढं माझ्या वतीनं बोलू नकोस. माझं मी बोलेन, जेवढं येईल तेवढं." त्याने नुसती मान हलवली. त्याचाही भाऊ गेला होता, मित्रांनो. अब्रू झाकता झाकता तो स्वतःच तिच्याखाली दबून गेला होता.

जाताना म्हातारीने माझ्याकडे एक नजर टाकली आणि नाक मुरडले. "किती उंच केलाय मेल्याला! माणसांसाठी आहे की उंटांसाठी?"

हे न्यायाधीशबाईंनी ऐकले असावे. कारण थोड्याच दिवसांत करवत घेऊन एक सुतार हजर झाला. "चांगलं जुनं लाकूड," तो कुरकुरला, "कापायचं म्हणजे जिवावर येतं." पण हुकूम तो हुकूम. त्याने माझा पुढचा कठडा चांगला हातभर खाली आणला. दुखले का? दुखले. पण कापून झाल्यावर मला पहिल्यांदाच समोरून अख्खे कोर्ट दिसले. खिडक्या, बाके, लोकांचे चेहरे! कापलेल्या फळीचीच त्याने माझ्या आत बसायला एक आडवी बैठक ठोकली. ज्या फळीने इतक्या जणींचे शब्द अडवले, तीच आता त्यांना बसायला देऊ लागली. लोकांना वाढल्यावर मोठेपण येते. मला ते कापल्यावर आले. त्या कुरकुऱ्या सुताराचा मी ऋणी आहे, आणि उंटाची आठवण काढणाऱ्या म्हातारीचाही.

त्यानंतर माझ्यात कारखान्यातल्या मुली बसल्या, परिचारिका बसल्या, शाळेतल्या लहान मुली बसल्या. सगळ्यांना न्याय मिळाला असे मी म्हणणार नाही. खोटे बोललो तर पिंजऱ्याच्या जातीला बट्टा लागेल. काही जणी खरे बोलूनही हरल्या. पण त्यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकले गेले. फायदा काही बायकांचाच झाला असेही नाही. एक ठेंगू शिंपी साक्षीला आला होता. आत बसून त्याने आरामात पाय हलवले आणि म्हणाला, "ज्यानं हा कापला, त्याचं भलं होवो. मागच्या खेपेला मी टाचा उंचावून साक्ष दिली होती, पोटऱ्यांत गोळे आले!"

मग कोर्टाची नवी इमारत झाली. तिथे टेबलावर माइक, मऊ खुर्च्या. माझी गरज उरली नाही. आम्हा दोघा भावांना अडगळीच्या खोलीत टाकले. सोबतीला मोडके पंखे, तुटकी कपाटे आणि कोळ्यांची जाळी. एके दिवशी माझ्या भावाला उचलून नेले. कुठे, ते मला कळले नाही. एका झाडाचे आम्ही दोघे, पण निरोपसुद्धा घेता आला नाही. तेव्हाच माझ्या पायाला वाळवी लागली. मला वाटले, संपले आपले.

पण मावशी निवृत्त होण्याआधी एकदा किल्ली मागून घेऊन त्या खोलीत आली, तिच्या तेलाच्या बोळ्यासकट. ती एकटी नव्हती. तिच्याबरोबर ती वकीलबाई होती. आता तिचे केस पांढरे झाले होते आणि ती कायद्याच्या कॉलेजात शिकवत होती. "हा बघा," मावशी माझ्यावर थाप मारून म्हणाली. "एक पाय गेलाय, पण बाकी खणखणीत आहे. हा सरपणात जायला नको." मावशी, तुझे उपकार मी कसे फेडू?

तेव्हापासून मी कॉलेजात आहे. इथे मुले-मुली खोटा खोटा खटला चालवून खरी वकिली शिकतात. परवाच एक मुलगी साक्षीदार होऊन माझ्यात बसली होती. नवऱ्याच्या मारहाणीचा खटला होता. समोरचा मुलगा ऐटीत कोट झटकून म्हणाला, "एवढं मारत होते, तर मग तुम्ही घर सोडून का नाही गेलात?"

शिकवणाऱ्या वकीलबाईंनी हात वर करून खटला थांबवला. "चांगला प्रश्न," त्या म्हणाल्या. "आता असाच एक प्रश्न तिच्या नवऱ्याला विचार बघू."

मुलाने हातातला प्रश्नांचा कागद वरून खालपर्यंत चाळला. त्यात नवऱ्यासाठी एकही प्रश्न नव्हता. मग तो हळूच म्हणाला, "तुम्ही मारणं का नाही सोडलंत?"

"हा प्रश्न कागदावर आधी का आला नाही, त्याचा घरी जाऊन विचार कर," बाई म्हणाल्या. तो मुलगा लाजला, पण रागावला नाही. सुटी झाल्यावर माझ्या डुगडुगत्या पायाखाली त्यानेच एक पाचर ठोकून दिली. मी आता पुन्हा सरळ उभा आहे. त्याचाही मी आभारी आहे.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. जुन्या लाकडावर नावे कोरू नका, अधूनमधून तेलाचा हात फिरवा, म्हणजे आम्ही तुमच्या नातवंडांच्याही कामी येऊ. आणि लाकडाहून जास्त जपा ते माणसाच्या आवाजाला. तुमच्या घरात, शाळेत, शेजारी कोणी हळू आवाजात काही सांगू पाहत असेल, तर 'मोठ्यानं बोल' म्हणू नका. तुम्हीच दोन पावले पुढे व्हा. तिच्याबद्दल तिच्या भावाला, नवऱ्याला, मुलाला विचारू नका. ती समोर बसलेली असते.

मी पडलो लाकूड. मला फक्त ऐकता येते. तुम्हाला विचारताही येते. तेव्हा, विचारा.